मेंदूतला फुगा आणि बारीक जाळी
एकाएकी, जन्मात कधी नव्हे इतके डोके दुखले, उलटी झाली, मान आखडली तर पित्त किंवा बाहेरची बाधा समजून अंगारा लावीत बसू नका. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले असो की जामखेड, ताबडतोब १०८ ला फोन करा. मेंदूच्या धमनीला आलेला फुगा फुटलेला असू शकतो. उच्च रक्तदाब आणि विडी-सिगारेट हे त्याचे सोबती.

फुगा फुटण्याआधी सापडला तर उपाय आहेत. कवटी उघडून त्याच्या मानेला चिमटा लावतात. १९९० पासून जांघेतून नळी नेऊन त्यात प्लॅटिनमची वेटोळीही भरू लागले. पण रुंद तोंडाच्या मोठ्या फुग्यात वेटोळी नीट टिकत नाहीत. त्यासाठी प्रवाह वळवणारी जाळी निघाली. अमेरिकेत तिला २०११ साली मान्यता मिळाली. ती फुग्यात नव्हे, धमनीत बसते. रक्त सरळ पुढे जाते, फुग्यातले रक्त गोठते आणि बहुधा काही महिन्यांत तो बंद होतो.

मात्र रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. जाळीत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.