वढू बुद्रुकचा फलक आणि मध्यस्थाची जाण

डिसेंबर 2017 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकमध्ये गोविंद गोपाळ महार यांच्याविषयीच्या फलकावरून वाद पेटला आणि त्यांच्या समाधीची नासधूस झाली. 1689 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार गोविंद गोपाळांनी केले, असे दलित समाज मानतो. तो मान शिवले घराण्याचा, असे दुसरी बाजू सांगते. वरवर पाहता भांडण फलकाचे, पण पणाला लागला होता पूर्वजांचा मान, आणि मान काही बांधासारखा मोजून वाटता येत नाही. हे न उमगलेला मध्यस्थ फलकाची जागाच ठरवत बसेल.

तटस्थ माणसाला जातपात कळायची गरज काय, असे विचारले जाते. पण बैठक कोणाच्या दारात आणि आधी कोण बोलणार, यावरूनच लोक तटस्थता जोखतात. दुसरा आक्षेप गंभीर आहे: गावकीच्या समेटात दुबळ्याला गप्प बसवले जाते. हे खरेच आहे. म्हणून अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा निवाडा कोर्टानेच करावा, बैठकीने नव्हे. शेजाराचा प्रश्न मात्र निकालानंतरही उरतो. 2007 च्या तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगाव समित्या दिल्या. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची तरतूद आहे. अशा वादात त्या तिघांमध्ये, ज्यांच्या पूर्वजाची समाधी मोडली त्या समाजाचा एक माणूस असलाच पाहिजे.