ई-रीडरचा पडदा इतका महाग का? दोष खरंच पेटंटचा आहे का?

सात-आठ हजार रुपयांत आज रंगीत टचस्क्रीन आणि कॅमेरा असलेला स्मार्टफोन मिळतो. पण फक्त काळी-पांढरी पानं दाखवणारा ई-रीडर घ्यायला गेलं, तर तेवढेच किंवा त्याहून जास्त पैसे मोजावे लागतात. मोठ्या आकाराचा ई-पेपर मॉनिटर तर साध्या एलसीडी मॉनिटरच्या कितीतरी पट महाग पडतो.

यावर एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं : "एकाच कंपनीने पेटंट अडवून ठेवलंय, ते संपलं की भाव कोसळतील." ऐकायला हे पटतं. पण ते कितपत खरं आहे?

ई-पेपर चालतो कसा?

मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-पेपर मात्र कागदासारखा बाहेरून पडणारा उजेड परत पाठवतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोन्ही कणांवरचा विद्युतभार एकमेकांच्या विरुद्ध असतो. त्यामुळे वीज दिली की एका रंगाचे कण वर येतात आणि दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. त्यातून अक्षर उमटतं.

एकदा उमटलेलं अक्षर टिकवायला वीज लागत नाही, ती फक्त पान बदलताना लागते. म्हणूनच ई-रीडर एका चार्जवर आठवडेच्या आठवडे चालतो.

पेटंटची गोष्ट कुठे सुरू झाली?

विजेने कण हलवून चित्र उमटवण्याची कल्पना जपानच्या मात्सुशिता कंपनीतल्या इसाओ ओटा यांनी १९७० च्या सुमारास मांडली होती. अडचण अशी होती की काही काळाने कण एकमेकांना चिकटायचे, तळाशी बसायचे आणि पडदा निकामी व्हायचा.

यावर तोडगा निघाला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी कण सूक्ष्म कुप्यांमध्ये बंद केले. पेटंटचे सुरुवातीचे अर्ज १९९६-९७ मध्ये दाखल झाले आणि १९९७ मध्ये 'ई इंक' ही कंपनी उभी राहिली.

पुढे एकेक प्रतिस्पर्धी एकाच छताखाली येत गेले. तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने २००५ मध्ये फिलिप्सचा ई-पेपर व्यवसाय घेतला. २००९ मध्ये तिने २१.५ कोटी डॉलरना ई इंक विकत घ्यायचा करार केला आणि नंतर स्वतःचं नावही 'ई इंक होल्डिंग्ज' केलं. कुप्यांऐवजी सूक्ष्म वाट्या वापरणारी सायपिक्स ही कंपनीही २०१२ मध्ये तिच्याकडे आली. म्हणजे मक्तेदारीची तक्रार अगदीच हवेतली नाही.

मग पेटंट संपल्यावर काय झालं?

पेटंटची मुदत साधारणपणे अर्ज केल्यापासून २० वर्षांची असते. त्या हिशोबाने १९९६-९७ मधल्या मूळ पेटंटची मुदत २०१७ पर्यंत संपली.

आता किमती पाहा. २००७ मध्ये पहिलं किंडल ३९९ डॉलरला आलं. २०११ मध्ये जाहिराती दाखवणारं सर्वात स्वस्त किंडल ७९ डॉलरला मिळू लागलं. ही घसरण झाली तेव्हा मूळ पेटंट पूर्ण लागू होतं! उलट मुदत संपल्यानंतर, २०२४ मध्ये आलेल्या साध्या किंडलची किंमत १०९.९९ डॉलर होती. मधल्या काळात महागाई वाढली आणि पडद्यावर दिवा व जास्त स्पष्टता आली हे खरं. पण भाव काही कोसळले नाहीत.

इथे एक सावधगिरी हवी. दुकानातली किंमत म्हणजे पडद्याची किंमत नव्हे. किंडल आपण खर्चाच्या किमतीतच विकतो आणि कमाई पुस्तकांतून करतो, असं अॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१२ मध्येच सांगितलं होतं.

तर मग अडतंय कुठे?

पहिलं कारण म्हणजे उत्पादनाची संख्या. जगभरात वर्षाला सुमारे २० कोटी टीव्ही विकले जातात. त्यांच्यासाठी अवाढव्य कारखाने उभे आहेत आणि त्यांचा खर्च कोट्यवधी पडद्यांवर विभागला जातो. ई-पेपरलाही एलसीडीसारखाच ट्रान्झिस्टरचा थर लागतो, पण मागणी तुलनेने किरकोळ. आकार मोठा झाला की मागणी आणखी कमी होते, म्हणून मोठे पडदे जास्तच महाग.

दुसरं कारण म्हणजे हातखंडा. कुप्या एकसारख्या बनवणं, त्यांचा सलग थर देणं, जुन्या अक्षराची सावली न उरता नवं पान आणणं, हे पेटंटचा कागद वाचून जमत नाही. त्यामागे अनेक वर्षांचा अनुभव लागतो.

तिसरी बाब सर्वात बोलकी आहे. क्वालकॉमचं 'मिरासोल' आणि 'लिक्वाविस्टा' ही दोन्ही तंत्रं कणांच्या कुप्यांवर आधारलेलीच नव्हती. दोन्हींमागे बड्या कंपन्यांचा पैसा होता. लिक्वाविस्टा तर फिलिप्समधून निघून आधी सॅमसंगकडे आणि मग अॅमेझॉनकडे गेली. तरीही दोन्ही बाजारात टिकली नाहीत.

म्हणजे पेटंटचा काहीच दोष नाही?

तसंही नाही. पेटंटमुळे भाव अडतात याचं ठळक उदाहरण म्हणजे थ्रीडी प्रिंटर. प्लास्टिक वितळवून थर देण्याचं स्ट्रॅटासिस कंपनीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि घरगुती प्रिंटरची लाटच आली. पण तिथे लागणारे सुटे भाग बाजारात सहज मिळत होते. ते जोडून हौशी माणूसही घरी प्रिंटर बनवू शकत होता. ई-पेपरसाठी मात्र अख्खा कारखाना लागतो.

शिवाय मूळ पेटंट संपलं तरी रंगीत ई-पेपरसारख्या नंतरच्या सुधारणांवर नवी पेटंट घेतली गेली आहेत. जुन्या तंत्राने स्वस्त पण मागासलेला पडदा बनवायला कोण पैसे घालणार, हाही प्रश्न उरतोच.

थोडक्यात, पेटंटने सुरुवातीला स्पर्धेची वाट अरुंद केली, पण आजच्या भावाचं ओझं मुख्यतः कमी मागणी आणि अवघड उत्पादनाचं आहे. त्यामुळे पेटंट कधी संपतं याची वाट पाहत ई-रीडरची खरेदी पुढे ढकलण्यात फारसा अर्थ नाही. भाव उतरलेच, तर ते दुकानांच्या फळ्यांवर किंमत दाखवणाऱ्या छोट्या ई-पेपर पट्ट्यांसारख्या नव्या वापरांमुळे उतरण्याची शक्यता जास्त. कारण अशा पट्ट्या एकेका दुकानात हजारोंनी लागतात.