तुरा फिका पडला की आधी दांडी बघा

जंतांच्या औषधाची मात्रा आणि त्यानंतर अंडी किती दिवस बाजूला ठेवायची, हे या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतो आहे, कारण गेल्या लेखानंतर आलेल्या प्रश्नांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आहे. जंतांचं औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा दिलं, तरी कोंबड्यांचे तुरे फिकेच आहेत, अंडी घटली आहेत, काही घरांत तर खुडूक बसलेली कोंबडी टोपलीतच मेलेली सापडली आहे. आता तिसऱ्यांदा द्यायचं का, असा प्रश्न आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते का, हे सांगायला पूर्ण लेख लागेल. परसातल्या कोंबडीच्या आतड्यात नेहमी सापडणारा मोठा गोल जंत, म्हणजे अस्करिडिया गॅली, मुळात रक्तावर जगतच नाही. तो आतड्यातल्या अन्नावर जगतो. त्याचा भार वाढला की कोंबडी वाळते, छातीचं हाड हाताला लागतं, वाढ खुंटते, पंख लोंबतात. पण अंगाने बरी असलेली कोंबडी अंड्यांवर बसल्या जागी पांढरीफटक पडून गेली, तर पहिला संशय रात्री रक्त पिणाऱ्यावर घ्यायला हवा. तो पोटात नसतो, त्यामुळे जंतनाशकाचा तिसरा डोसही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

हा रक्त पिणारा म्हणजे लाल माइट, शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. गावात त्याला, उवांना आणि पिसवांना सरसकट एकाच नावाने हाक मारतात आणि सगळ्यांवर एकच औषध ओततात. घोळ तिथून सुरू होतो. लाल माइट जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, उपाशी असताना करडा आणि रक्त प्यायला की लाल. तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही. दिवसभर दांडीच्या भेगेत, खिळ्याच्या डोक्याखाली, पत्रा आणि लाकूड यांच्या फटीत, टोपलीच्या विणीत दडून बसतो. अंधार पडल्यावर बाहेर येतो, अर्धा-पाऊण तास रक्त पितो आणि परत भेगेत जातो. अंडीही तिथेच घालतो. उबदार हवेत अंड्यापासून प्रौढ माइट व्हायला साधारण 7 दिवस पुरतात. थंड जागी ठेवलेल्या माइटने रक्ताशिवाय आठ महिने काढल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपल्या उकाड्यात ही मुदत पुष्कळ कमी होते, पण खुराडं आठवडाभर रिकामं ठेवलं की ते मरतील, ही आशा व्यर्थ आहे. खुडूक कोंबडी आधी का मरते, तेही यातूनच कळतं. बाकीच्या कोंबड्या निदान दिवसा बाहेर फिरतात. ती बिचारी 21 दिवस अंधाऱ्या कोपऱ्यातल्या टोपलीत जवळजवळ हलत नाही, म्हणजे माइटला भेगेतून बाहेर यायला रात्रीचीही वाट बघावी लागत नाही.

दिवसा कोंबडी पकडून, पिसं उलटी करून पाहणाऱ्याला म्हणून काहीच सापडत नाही आणि तो निःशंक मनाने पुन्हा जंतांकडे वळतो. तपासणी रात्री करायची. कोंबड्या दांडीवर बसून दीडदोन तास झाले की बॅटरी आणि पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घेऊन जायचं आणि कापड दांडीच्या खालच्या बाजूने दाबून ओढायचं. खालच्याच बाजूने, कारण वरची बाजू कोंबडीच्या पायांनी घासली जाते. कापडावर बारीक लाल रेघा उमटल्या तर ते चिरडलेल्या माइटच्या पोटातलं तुमच्या कोंबडीचं रक्त आहे. दिवसाची खूण हवी असेल तर दांडीच्या सांध्याशी राखेसारखी करडी, मीठ-मिरी मिसळल्यासारखी दिसणारी भुकटी शोधा. ती माइटची विष्ठा आणि टाकलेल्या काती असतात. आणखी दोन खुणा घरातली माणसं सांगतात, फक्त त्यांचा संबंध कुणी लावत नाही. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला टाळाटाळ करतात, झाडावर चढून बसतात. आणि अंडी गोळा करणाऱ्याच्या मनगटाला खाज सुटते.

आता औषधाचा प्रश्न. कोंबडीला औषध लावायचं की खुराड्याला, याचं उत्तर वरच्या वर्णनातच आहे. तरी बहुतेक घरांत होतं ते उलटं. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन अंदाजाने पाण्यात कालवून कोंबड्या त्यात बुडवतात, तेही दिवसा, म्हणजे शत्रू अंगावर नसताना. विष पूर्ण कोंबडीला मिळतं आणि माइटला जवळजवळ काहीच नाही. त्यात या गटातल्या औषधांना न जुमानणारे लाल माइट युरोपातल्या अनेक देशांत पूर्वीच सापडले आहेत. दुसरा आवडता उपाय आयव्हरमेक्टिनचा. कोंबडीच्या शरीरातून ते लवकर उतरतं आणि माइट तर थोडा वेळ पिऊन निघून जाणारा, तेव्हा त्याला मारण्याइतकं औषध रक्तात टिकवायचं तर मात्रा कोंबडीलाच धोकादायक ठरेल इतकी वाढवावी लागते. शिवाय ते चरबीत विरघळणारं आहे. कोंबडीच्या अंडाशयात एका वेळी अनेक बलक वाढीला लागलेले असतात आणि प्रत्येक बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने भरतो. आज दिलेलं औषध उद्याच्या अंड्यात थोडं, पुढच्या आठवड्याच्या अंड्यात त्याहून जास्त, असं उतरत राहतं. दोन दिवस अंडी टाकून दिली की झालं, हा समज इथे लागू पडत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माइट खुराड्यात राहतो ना, मग कोंबड्या बाहेर काढून खुराड्यातच जालीम औषध का मारू नये? याचं उत्तर 2017 मध्ये युरोपाने फार मोठी किंमत देऊन मिळवलं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या कोंबडीघरांत याच लाल माइटसाठी ‘डेगा-16’ नावाचं द्रावण मारलं जात होतं. निलगिरी, मेंथॉल असलेला वनस्पतिजन्य उपाय म्हणून ते खपवलं गेलं. त्यात फिप्रोनिल बेकायदा मिसळलेलं निघालं. औषध मारलं होतं जागेला, सापडलं ते अंड्यांत. कोंबडी त्याच पृष्ठभागावर बसते, तिथेच चोच घासते, पाय आणि पिसं चोचीने साफ करते. फिप्रोनिलही चरबीत विरघळणारं, म्हणून ते थेट बलकात गेलं. युरोपात अंड्यातल्या फिप्रोनिलची मर्यादा किलोमागे 0.005 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेल्यामुळे लाखो अंडी नष्ट करावी लागली, शेकडो कोंबडीघरं बंद ठेवावी लागली. आपल्याकडे हेच फिप्रोनिल मिरचीवरच्या फुलकिड्यांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळतं आणि कुत्र्याच्या गोचिडांच्या फवाऱ्यातही असतं. म्हणजे बाटली बऱ्याच घरांत आधीच आहे. तिला खुराड्याच्या आसपासही नेऊ नका. डांबरगोळ्या टोपलीत ठेवण्याची आणि गंधक जाळून धुरी देण्याची पद्धतही सोडून द्या. पक्ष्याचं फुप्फुस असल्या वाफांपुढे फार नाजूक असतं आणि डांबरगोळीचा वास अंड्यालाही लागतो.

मग करायचं काय? विषाची तीव्रता वाढवण्यापेक्षा वेळ साधायची. बहुतेक औषधं माइटच्या अंड्यांना मारत नाहीत आणि उकळतं पाणी सर्वांत खोल भेगेपर्यंत पोचत नाही. पहिल्या वेळी मोठे मरतात, अंडी उरतात. म्हणून 7 दिवसांनी, नव्याने निघालेले माइट अंडी घालायच्या आत, दुसरी फेरी करायची. ही दुसरी फेरी हाच खरा उपाय आहे आणि तीच चुकवली जाते. युरोपात 2017 मध्ये मान्यता मिळालेलं फ्लुरालानर हे पाण्यातून देण्याचं औषधसुद्धा बरोबर 7 दिवसांच्या अंतराने दोनदाच देतात. (कुत्र्याच्या गोळीतही फ्लुरालानर असतं, म्हणून गोळी कुटून कोंबडीला द्यायचा विचार कुणी करू नये. कोंबडीचा डोस किलोमागे 0.5 मिलिग्रॅम आहे, तो घरच्या चमच्याने मोजता येत नाही.) परसातल्या खुराड्याला मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. दुपारी कोंबड्या बाहेर असताना दांड्या, टोपल्या, गोणपाट सगळं उघड्यावर काढा. गोणपाट आणि टोपलीतला भुसा जाळून टाका. भेगांवर, सांध्यांवर, खिळ्यांवर उकळतं पाणी सावकाश ओता. लोखंडी किंवा विटांचं खुराडं असेल तर मोठे कुक्कुटपालक दोन बॅचच्या मध्ये फिरवतात तशी फ्लेमगन फिरवता येईल. लाकडाला, झावळ्यांना ती लावू नका. सगळं वाळलं की चुन्याचा दाट हात द्या. चुना माइटला विष म्हणून मारत नसला तरी भेगा बुजवतो आणि पांढऱ्यावर पुढची लागण दिसते. दांडीच्या टोकांना आणि सांध्यांना गोडेतेल चोळा, त्यात सापडलेला माइट गुदमरतो.

दांडी कशाची आहे, हा माझा हट्टाचा मुद्दा. आपल्याकडे दांडी बहुधा बांबूची असते, टोकं पोकळ, मध्ये चिरलेली आणि सुतळीच्या चार वेढ्यांनी बांधलेली. त्या पोकळ टोकात आणि त्या वेढ्यांखाली माइटचं सगळं गाव वसतं. तिथे पाणी ओतून उपयोग नाही, सुतळी कापून जाळा. बांबूऐवजी रंधलेली, कडा गोल केलेली लाकडी दांडी दोन खाचांत नुसती टेकवा, म्हणजे ती दर आठवड्याला उचलून बाहेर काढता येईल. एवढा एक बदल केलेल्या खुराड्यात औषधाची वेळ क्वचितच येते. मराठवाड्या-विदर्भासारख्या कोरड्या भागात भेगांत कोंबडीचा चपटा गोचीडही असतो, अर्गास परसिकस. तोही रात्रीच पितो आणि उपाशी वर्षाहून अधिक काळ काढतो. त्याची पिल्लं मात्र पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात. म्हणून तिथे खुराड्याबरोबर कोंबड्याही तपासाव्या लागतात.

अंगावरच राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि खुराडं स्वच्छ करून भागेल असं तिथे मी म्हणणार नाही. शेपटीखाली, हगण्याच्या जागेभोवती पिसं काळपट, चिकट दिसली तर तिथे वेगळ्या जातीचे माइट असतात. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसले तर उवा. जुनी माणसं कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा करत, तो इथे कामाचा आहे. कॅलिफोर्नियात 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोंबड्यांना तसंच लोळायला ठेवलेल्या धुळीच्या पेटीत गंधकाची पूड मिसळल्यावर अंगावरचे माइट आणि उवा जवळजवळ नाहीशा झाल्या, पेटीत न लोळणाऱ्या कोंबड्यांवरच्यासुद्धा. नुसत्या राखेची मदत होते, पण ती लाल माइटच्या भेगेत पोचत नाही. पायाचे खवले उचकटून पाय जाड, चुनखडीसारखे झाले तर तो तिसराच माइट. त्याला कोमट पाणी आणि साबणाने पाय धुऊन व्हॅसलीन किंवा खोबरेल आठवड्यातून दोनदा, महिनाभर. रॉकेल नाही, त्याने कातडी भाजते.

चार कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार, असंही विचारलं जातं. चार कोंबड्यांचं खुराडं लहान असतं, दोन हंडे पाणी आणि तासभर लागतो, आठवड्याने पुन्हा तेवढाच. माना मुरगळून, हिरवी हगून एकामागे एक कोंबड्या मरत असतील तर ही मानमोडीची लक्षणं, तेव्हा खुराडं धूत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मात्र तुरा नुसता फिका असेल आणि कापडावर लाल रेघ उमटली असेल, तर जंतांचं औषध थांबवा. दोन फेऱ्या झाल्यावर पंधराव्या दिवशी पुन्हा कापड फिरवा. ते कोरं निघालं आणि तरीही तुरा फिकाच राहिला, तर पुढच्या आठवड्याचा जंतांवरचा लेख तुमच्यासाठी आहे. तो वाचायच्या आधी कोंबडीचं वजन करून ठेवा, मात्रा वजनावरच ठरेल.