घर घेणारा आणि दलाल

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण रूढ झाली त्या काळी घर खरोखरच बांधावे लागत असे. आज शहरातील मध्यमवर्गीय गृहस्थ घर बांधीत नाही. बांधलेले विकत घेतो. त्यामुळे लग्नाप्रमाणे घराच्या व्यवहारातही मध्यस्थ आला. त्याला कोणी एजंट म्हणतात, कोणी दलाल. त्याच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. काहींना तो निव्वळ लुबाडणारा वाटतो, तर काही जण त्याच्या शब्दावर जन्मभराची पुंजी मोकळी करतात. दोन्ही मतांचे मूळ एकच. दलालाचे हित नेमके कशात आहे, याचा विचार आपण केलेला नसतो.

तो हिशेबच मांडून पाहू. ६० लाखांची सदनिका आहे आणि दलाली शेकडा १ ठरली आहे, असे समजा. व्यवहार झाला तर दलालाला ६० हजार मिळतील. आपण घासाघीस करून किंमत २ लाखांनी उतरवली, तर आपले २ लाख वाचतात. दलालाचे जातात केवळ २ हजार. उलट व्यवहारच मोडला, तर त्याचे सगळेच बुडतात. म्हणजे किंमत चढावी यापेक्षा व्यवहार लवकर उरकावा, हीच त्याची खरी ओढ. १८७२ च्या करार कायद्यातही तत्त्व हेच आहे: वेगळे काही ठरले नसेल, तर मध्यस्थाचा मोबदला काम पुरे झाल्यावर देय होतो. यात त्या माणसाचा दुष्टपणा नाही. धंद्याची घडणच तशी आहे. “दुसरे गिऱ्हाईक उद्या इसार घेऊन येत आहे,” हे वाक्य याच घडणीतून निघते.

हे ध्यानात घेतले, म्हणजे दलालाकडून काय घ्यावे हे आपोआप ठरते. आळीतला चालू भाव, पाण्याची स्थिती, मालकाला पैशाची निकड किती, या गोष्टी त्याच्याइतक्या दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतात. त्या त्याला खुशाल विचाराव्या. किंमत उतरविण्याच्या कामीही तो उपयोगी पडतो, कारण व्यवहार मोडू नये अशी त्याचीही इच्छा असते. मात्र पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: दलाली किती व केव्हा द्यावयाची, आणि मालकाकडूनही तो दलाली घेणार काय? दोन्ही बाजूंचे पैसे घेणारा माणूस एकट्या आपला वकील होऊ शकत नाही. उत्तरे लेखी घ्यावीत.

घर बिल्डरच्या नव्या प्रकल्पातले असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा, म्हणजेच ‘रेरा’चा, आधार मिळतो. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालाचीही नोंदणी असावी लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. त्याचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. बिल्डरलाही नोंदलेला करारनामा केल्यावाचून किमतीच्या शेकडा १० पेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि दलाल ‘सुपर बिल्ट-अप’ची भाषा बोलू लागला, तर ‘कार्पेट’ किती एवढेच विचारावे. कायद्याने माप तेच धरले आहे.

जुनी सदनिका मालकाकडून घेताना मात्र या कायद्याचे छत्र सहसा नसते, आणि खरी काळजी तेथेच घ्यावी लागते. कागद तपासणारा वकील आपण निवडावा. दलालाने सुचविलेला नको. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील नोंदींचा, सामान्यतः ३० वर्षांचा, शोध त्याच्याकडून घ्यावा. पूर्वीच्या प्रत्येक खरेदीचे मूळ दस्त, इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची येणे बाकी नसल्याचा दाखला आणि घरावर कोणाचे कर्ज आहे काय, हे सारे इसार देण्यापूर्वी पाहावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखताने मालकी मिळत नाही, मग दलालाने दिलेल्या चिठ्ठीची काय कथा! बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख, हीही समजूत सोडावी. बँक चौकशी करते ती स्वतःच्या पैशापुरती.

दलाली ही माहितीची आणि खटपटीची किंमत आहे. ती ठरल्याप्रमाणे द्यावी. काम झाल्यावर कुरकुर करणे शोभत नाही. पण त्या पैशात खात्री विकत मिळत नाही. घर कोणते घ्यावे हे शोधण्यास दलालाची मदत जरूर घ्यावी; ते घ्यावे की नाही, हे मात्र कागद पाहून आपणच ठरवावे. त्यासाठी आठ-पंधरा दिवस लागले आणि तेवढ्यात एखादे घर हातचे गेले, तरी त्याची फार हळहळ करू नये. घरे पुन्हा मिळतात. अडकलेली पुंजी सोडविण्यात मात्र वर्षे जातात.