विसावा हिस्सा कोणाला द्यावा?

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात सांगितले, की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा. म्हणजे शंभर रुपये मजुरीमागे पाच रुपये. पण हे दान कोणाच्या हाती द्यावे?

तिसगावात आम्ही एकदा पावती न घेता वर्गणी दिली. ती कोठे गेली, ते आजवर कळले नाही. दिवसभर हिशेब लिहिणारे आम्ही कारकून, तरी फसलो! तेव्हापासून संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, दरवर्षी हिशेब तपासला जातो काय, हे विचारल्याशिवाय आम्ही खिशात हात घालत नाही. विचारण्यात लाज कसली?

मग काम पाहावे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी, त्यांत कित्येक दलित, तेथे शिकून गावोगाव बाळंतपणे केली. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांच्याच हाती गावाने आपली बाळे दिली. नगरचे 'स्नेहालय' १९८९ पासून वेश्यावस्तीतील मुलांसाठी आणि पुढे एचआयव्हीबाधितांसाठी काम करीत आले आहे.

पैसा नसेल तर? दहावी शिकलेल्या मुलीने रविवारी विहारात लहानांचा अभ्यास घ्यावा. गवंड्याने वसतिगृहाची पडकी भिंत बांधून द्यावी. तेही दानच आहे.

या महिन्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून आपला हिस्सा ठरवावा. आणि हो, पावती जपून ठेवावी!