तेहतीस वर्षांचा परदेशवास

चेन्नईचा टी. नगर हा भाग सोन्याच्या आणि रेशमाच्या बाजारपेठेसाठी साऱ्या दक्षिण भारतात प्रसिद्ध आहे. पनगल पार्कच्या अवतीभवती, उस्मान रोडवर आणि पाँडी बाजारात लग्नसराईच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. आखाती देश, सिंगापूर, अमेरिका येथे स्थायिक झालेली कुटुंबे सुट्टीत येथे हमखास खरेदीला येतात आणि त्यांतील काही एक दिवस कायमची परततात. अशा कुटुंबांची गाठोडी सामानाची असतात, तशीच प्रश्नांचीही असतात. मुलांचे शिक्षण, साठवलेला पैसा, दागदागिने, वृद्ध आईवडील आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न : आपण ज्याला घर म्हणत होतो, ते अजून तेथेच आहे काय?

हा प्रश्न नवा नाही. आज जेथे टी. नगरचे रस्ते आहेत, तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी मैलापूरचा लांबच लांब तलाव होता. १९२० च्या दशकात त्याची जागा भरून हे नगर वसविण्यात आले आणि त्यास पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव देण्यात आले. तलाव अजून तलावच होता, तेव्हा म्हणजे डिसेंबर १८८५ मध्ये, मद्रासच्या बंदरात एक परदेशी कुटुंब उतरले. ते स्वखुशीने आले नव्हते आणि परत केव्हा जाता येईल, हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा, त्याच्या दोन राण्या आणि दोन लहान मुली यांचा हा परदेशवास पुढे तेहतीस वर्षे चालला. त्याचा मोठा काळ रत्नागिरीत गेला, म्हणून महाराष्ट्राला ही कथा आपलीच वाटते.

मंडाले ते मद्रास

थिबा १८७८ मध्ये गादीवर आला, तेव्हा तो अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. दक्षिण ब्रह्मदेश त्याआधीच इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. उत्तरेकडील राज्य मात्र मंडाले या राजधानीतून स्वतंत्रपणे चालत होते. सागवानाच्या व्यापारातील तंटा आणि फ्रेंचांचा वाढता वावर यांचे निमित्त होऊन नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी चढाई केली. युद्ध जेमतेम दोन आठवडे चालले. २८ नोव्हेंबरला राजाने शरणागती पत्करली आणि दुसऱ्याच दिवशी राजकुटुंबास बैलगाड्यांतून नदीकाठी आणून आगबोटीवर चढविण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी थिबाचे राज्य ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याचे जाहीर झाले. राजा तेव्हा मद्रासेत होता.

मद्रासचा मुक्काम सुमारे चार महिन्यांचा होता. मार्च १८८६ मध्ये पट्टराणी सुपयालत हिला तेथेच तिसरी कन्या झाली. पुढच्याच महिन्यात कुटुंबाची रवानगी रत्नागिरीस झाली. चौथी राजकन्या १८८७ मध्ये रत्नागिरीत जन्मली. चार बहिणींपैकी दोघींनी मंडाले कधी पाहिलेच नव्हते. ज्या गावी परतण्याची आस आईवडिलांनी आयुष्यभर बाळगली, ते गाव या धाकट्या मुलींना केवळ ऐकून ठाऊक होते.

रत्नागिरीच का?

सरकारची निवड विचारपूर्वक होती. त्या काळी रत्नागिरीस जायचे तर समुद्रमार्गे. पावसाळ्यात बंदरे बंद होत आणि मागे सह्याद्रीची भिंत. रेल्वे तर फार पुढची गोष्ट. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये सुरू झाली. पदच्युत राजाला जगापासून दूर ठेवण्यासाठी याहून सोयीची जागा सापडणे कठीण होते.

प्रारंभीची चोवीस वर्षे कुटुंबाने सरकारी व्यवस्थेतील बंगल्यांत काढली. १९१० मध्ये जांभा दगड आणि ब्रह्मी सागवान यांचा उपयोग करून उभारलेला राजवाडा तयार झाला आणि त्या वर्षाअखेरीस कुटुंब तेथे राहावयास गेले. हाच आजचा ‘थिबा पॅलेस’. भाट्याची खाडी आणि पलीकडचा अथांग समुद्र या टेकडीवरून दिसतो.

याच हिवाळ्यात इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात शिक्षा भोगीत होते आणि १९१०-११ च्या त्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेत! लोकमान्य १९१४ मध्ये परतले. थिबाला ते भाग्य लाभले नाही.

माणके आणि पावत्या

बँकेच्या वाचकाला या कथेतील एक धागा विशेष जाणवेल. तो म्हणजे पैशाचा. राजाने मंडाले सोडले ते घाईगर्दीत. जे जडजवाहीर सोबत आणता आले, तेवढेच त्याचे भांडवल. ‘न्गा मौक’ या नावाने प्रसिद्ध असलेले मोठे माणिक आपण शरणागतीच्या वेळी कर्नल स्लेडन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती सुरक्षित ठेवण्यासाठी दिले होते, असे थिबाचे म्हणणे होते. ते परत मिळावे म्हणून त्याने सरकारकडे मागणी केली, परंतु माणिक त्याच्याकडे परतले नाही. राज्य बुडत असताना पावती कोण मागणार? पण पावती नसली की राजालाही अर्जदार व्हावे लागते, एवढे मात्र खरे.

उरलेल्या जवाहिरांची कहाणी अधिक करुण आहे. सरकारकडून मिळणारा तनखा आणि राजघराण्याच्या सवयी यांचा मेळ कधी बसला नाही. नोकरचाकरांचा परिवार मोठा, धार्मिक विधी खर्चिक आणि व्यवहाराचे ज्ञान शून्य. राजवाड्याबाहेरचा बाजारभाव ज्याने कधी विचारला नव्हता, तो राजा गरज पडेल तेव्हा एकेक रत्न विकू लागला. विकणारा अडलेला आहे हे घेणाऱ्याला ठाऊक असे, त्यामुळे किंमत पडेलच येई. कर्ज वाढले की रत्न विकावयाचे आणि रत्न संपत आले की पुन्हा कर्ज काढावयाचे, असे ते चक्र होते. अखेरीस सरकारने या व्यवहारांवर नियंत्रण आणले आणि स्वतःच्या घरखर्चासाठीही राजा अधिकाऱ्यांवर अवलंबून राहिला.

संपत्ती असणे आणि उत्पन्न असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सत्य यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. पेटीतील माणिक तेजस्वी असते खरे, पण ते दर महिन्याला काही देत नाही.

मुलींचे जग

राजा आणि राणी यांच्या दृष्टीने रत्नागिरी ही तात्पुरती जागा होती. मुलींच्या दृष्टीने मात्र ते सारे जग होते. त्या मराठी बोलू लागल्या, येथील माणसांत मिसळू लागल्या. परंतु त्यांच्या रीतसर शिक्षणाची सोय नव्हती आणि राजघराण्याच्या तोलामोलाचे वर परक्या मुलखात मिळणे अशक्यप्राय होते. ‘घरी गेल्यावर पाहू’ या एका वाक्याखाली त्यांचे तारुण्य सरले.

अखेर थोरल्या राजकन्येने आपल्या मनाचा कौल मानला. राजवाड्यावर चाकरीस असलेले गोपाळ सावंत यांच्यापासून तिला १९०६ मध्ये मुलगी झाली. तिचे नाव टुटू. सावंत विवाहित होते आणि राजघराण्याला हा धक्का मोठा होता. दुसऱ्या राजकन्येने पुढे १९१७ मध्ये वडिलांच्या पदरी असलेल्या एका ब्रह्मी सचिवाशी विवाह केला. त्यामुळे आईशी तिचे संबंध दुरावले.

दरम्यान धाकटी राणी १९१२ मध्ये निवर्तली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. एकतीस वर्षे परतीची वाट पाहिलेल्या राजाचे वय अवघे सत्तावन्न होते. पतीचे पार्थिव मायदेशी नेता यावे, अशी सुपयालतची इच्छा होती. सरकारने ती मान्य केली नाही. थिबाच्या समाधीभोवती ब्रह्मदेशात असंतोष गोळा होईल, ही भीती त्यामागे होती. १९१९ च्या आरंभी थिबा आणि धाकटी राणी यांना रत्नागिरीतच कायमची समाधी देण्यात आली.

परत, पण कोठे?

एप्रिल १९१९ मध्ये सुपयालत मुलींसह ब्रह्मदेशास परतली. परतली खरी, पण मंडालेस नव्हे, तर रंगूनला. मंडालेच्या राजवाड्याचा इंग्रजांनी केव्हाच लष्करी किल्ला केला होता. सिंहासन गेले होते, दरबार पांगला होता. जी राणी वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेली होती, ती साठीच्या उंबरठ्यावर परतली. रंगूनमध्ये एका साध्या घरात तिने उरलेले दिवस काढले आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये तिचे निधन झाले. तिची समाधी श्वेडगॉन पॅगोड्याच्या सान्निध्यात आहे. राजा रत्नागिरीत, राणी रंगूनमध्ये. मध्ये बंगालचा उपसागर आणि अवघे भारतीय द्वीपकल्प.

चार बहिणींच्या वाटा चार दिशांना गेल्या. दुसरी राजकन्या ब्रह्मदेशास परतलीच नाही. पतीसह ती कालिंपाँगला स्थायिक झाली. तिसरी ब्रह्मदेशातच राहिली. रत्नागिरीत जन्मलेली चौथी सर्वांत करारी निघाली. राजघराण्याच्या हक्कांसाठी तिने ब्रिटिश सरकारशी झुंज दिली. सरकारने तिला रंगूनहून मौलमीनला धाडले आणि तेथेच १९३६ मध्ये ती वारली.

सर्वांत विचार करायला लावणारा निर्णय मात्र थोरलीचा होता. मंडालेची पुसटशी का होईना, आठवण असण्याचा संभव चौघींपैकी तिलाच अधिक. तरीही रंगूनला गेल्यावर थोड्याच काळात ती टुटूला घेऊन रत्नागिरीस परत आली. ‘मायदेश’ कोणता, हे तिने आपल्यापुरते ठरविले होते. पुढचे आयुष्य सुखाचे नव्हते, हलाखीचे होते. १९४७ मध्ये रत्नागिरीतच तिचा अंत झाला. टुटू मराठी संसारात रमली, मराठी बोलली आणि २००० साली याच मातीत विसावली.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीस वंदन केले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या स्मृतिशताब्दीस राजघराण्याचे वंशज आणि म्यानमारचे उच्चपदस्थ समाधीपाशी एकत्र आले. राजा घरी जाऊ शकला नाही. शंभर वर्षांनी घरच राजाला भेटावयास आले.

आजच्या परतणाऱ्यांसाठी

आज परदेशातून परतणाऱ्या कुटुंबाची स्थिती थिबाच्या कुटुंबासारखी नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. आजचे जाणे स्वेच्छेचे, परतणेही स्वेच्छेचे. तरीही या कथेतून व्यवहाराचे काही धडे घेता येतात.

पहिला धडा नोंदीचा. परदेशातील खाती, विमा, निवृत्तिवेतन, घर, दागिने यांची यादी आणि खरेदीच्या पावत्या परतण्यापूर्वीच एकत्र कराव्यात. परदेशात निवासी असताना मिळविलेली मालमत्ता परतल्यानंतरही बाळगण्याची मुभा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ देतो. परंतु ती आपलीच आहे हे कागदाने सिद्ध व्हावे लागते.

दुसरा धडा बँकेला वेळीच कळविण्याचा. कायमच्या वास्तव्यासाठी परतल्यावर अनिवासी खाती त्याच स्वरूपात चालू ठेवता येत नाहीत. एनआरओ खाते निवासी खात्यात रूपांतरित करावे लागते. एनआरई खात्यातील रक्कम निवासी खात्यात किंवा पात्र असल्यास निवासी परकीय चलन खात्यात, म्हणजेच आरएफसी खात्यात, वर्ग करता येते. परकीय चलनातील एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या व्याजदराने सुरू राहू शकते. ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून हे काम वर्षानुवर्षे राहून गेल्याची उदाहरणे शाखांना नवी नाहीत.

तिसरा धडा नियमित उत्पन्नाचा. सोने, घर, जमीन ही संपत्ती खरी; परंतु महिन्याचा खर्च ज्यातून भागेल, असा प्रवाह आधी बांधावा. अडचणीच्या दिवशी केलेली विक्री ही नेहमीच तोट्याची विक्री असते.

चौथा धडा वारसांचा. खात्यांवर, ठेवींवर आणि लॉकरवर नामनिर्देशन असावे आणि ते घरच्यांना ठाऊक असावे. घराचे व्यवहार एकाच व्यक्तीच्या डोक्यात राहिले, की ती व्यक्ती गेल्यावर मागे उरलेल्यांना अर्ज करीत बसावे लागते.

आणि शेवटचा धडा कोणत्याही अर्जात बसणारा नाही. परतण्याचा निर्णय आईवडील घेतात. पण कुटुंबातील प्रत्येकाचे घर एकाच गावी असते, असे नाही. परदेशात वाढलेल्या मुलांच्या दृष्टीने टी. नगर असो वा रत्नागिरी, ते परतणे नसते. ते पहिले जाणे असते. तिकिटे काढण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे आणि त्यांचेही ऐकावे. राणी सुपयालतने मुलींना परत नेले; थोरलीने मात्र आपली परतीची वाट स्वतःच शोधली, आणि ती रत्नागिरीकडे जाणारी निघाली.