दहा अक्षरांत मावलेले जीव

माणसांचं बरं असतं. कुलवृत्तांत उघडला की कोण कोणाचा चुलता ते सापडतं. बेडूक, वटवाघूळ, विषाणू यांची वंशावळ मात्र कुणी लिहून ठेवलेली नाही. डीएनए किंवा आरएनएतल्या फरकांवरून ती उलट्या पावली शोधावी लागते. दहाच प्रजाती घेतल्या तरी एका पूर्वजापासून फुटणारे ३,४४,५९,४२५ वेगवेगळे वृक्ष मांडता येतात. हाताने निभणारं हे काम नव्हेच.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जोसेफ फेल्सेन्स्टाइन ऑक्टोबर १९८०पासून यासाठी ‘फायलिप’ हा प्रोग्रॅमसंच फुकट वाटू लागले. आधी चुंबकीय टेपवर, मग फ्लॉपीवर, पुढे इंटरनेटवरून. पास्कल भाषेतला हा संसार १९९३मध्ये सी भाषेत हलला.

दिसायला अगदीच ओबडधोबड! माहिती ‘इनफाइल’ नावाच्या फायलीत ठेवायची, उत्तर ‘आउटफाइल’मध्ये शोधायचं. प्रजातीच्या नावाला मोजून दहा जागा. नाव आखूड असेल तर पुढे मोकळ्या जागा सोडायच्या, लांब असेल तर छाटायचं. एक जागा चुकली की सगळंच बिनसलं. या दहाच्या हट्टापायी किती संशोधकांनी कपाळाला हात लावला असेल!

तरीही लोक टिकून राहिले, कारण पद्धती शोधणारा आणि हत्यार घडवणारा माणूस एकच होता. काढलेल्या फांदीवर विश्वास किती ठेवायचा, याचं उत्तर फेल्सेन्स्टाइन यांनी १९८५मध्ये दिलं. डीएनएच्या तक्त्यातले रकाने चिठ्ठ्या उचलाव्यात तसे पुन्हापुन्हा उचलायचे, दर वेळी नवा वृक्ष काढायचा आणि ती फांदी शंभरातून किती वेळा उगवते ते मोजायचं. हा ‘बूटस्ट्रॅप’ नुसता शोधनिबंधात राहिला असता तर मूठभरांपुरताच उरला असता, असं मला वाटतं. फायलिपमुळे तो कुणालाही फुकटात करून पाहता आला.

जून १९८६मधली एक बैठक मला विशेष आवडते. वृक्ष लिहायची सामाईक रीत ठरवायला काही मंडळी जमली होती. फेल्सेन्स्टाइन होते, तसेच डेव्हिड स्वॉफर्डही. स्वॉफर्ड यांचा ‘पॉप’ हा वृक्ष काढायचा प्रोग्रॅम पुढे अनेक वर्षं विकत घ्यावा लागे. बैठकीचं शेवटचं सत्र न्यू हॅम्पशायरमधल्या ‘न्यूइक्स’ नावाच्या खाणावळीत, लॉब्स्टरवर ताव मारत झालं. कंस आणि स्वल्पविरामांच्या त्या लिपीला नावही खाणावळीचंच पडलं, ‘न्यूइक’.

वेगात ‘रॅक्सएमएल’ आणि ‘आयक्यू-ट्री’ हे प्रोग्रॅम फायलिपच्या केव्हाच पुढे गेले. तेही फुकटच आहेत. कोविडच्या विषाणूचे वृक्ष मात्र न्यूइकच्याच कंसांत लिहिले गेले.